तंबाखूचा रकाना

फॉर्म कन्नडमध्ये छापून येतो, बेळगावहून.
वर हल्लु, खाली एलुबु.
मी मनातल्या मनात दात करतो, हाड करतो
आणि समोरच्याला मराठीत विचारतो.
पंधरा वर्षं हेच काम. डॉक्टर तोंडात बघतात,
मी तोंडाबाहेरचं लिहितो.

मार्च सरत आला की निपाणीत
बंद खिडकीतूनही जर्दा आत येतो,
भूल चढायच्या आधी पेशंट शिंकतो.
त्या दिवशी अक्काताई वठारे, वय अठ्ठावन्न, अकोळ,
खुर्चीच्या कडेवर बसल्या पाठ न टेकता,
विडीच्या सुपापुढं बसावं तशा.
वरचा पुढचा दात नव्हता.
त्याच दातानं चाळीस वर्षं दोरा तोडला,
हजार विड्यांना हजार वेळा, रोज.

'साखर आहे?'
'मी च्या बिनसाखरंचाच पितो.'
मी तीन महिन्यांच्या साखरेचं विचारत होतो.
'हाडांची सुई, वर्षातून एकदा घ्यायची?'
'कंबरंत मारली हुती एक. कागुद न्हाई.'
'रात्री दात खाता?'
पदर तोंडावर घेऊन हसल्या.
'मालक हुते तवर म्हणायचे, उखळ कांडाय लागलीस.
आता कोण ऐकतंय?'

मग तो रकाना.
'तंबाखू?'
'न्हाई बा. कदी तोंडाला लावली न्हाई.'

उजव्या हाताचं पहिलं बोट पेरापर्यंत काळं.
तव्यावर भाजलेली, वाटलेली, डबीत भरलेली,
सकाळी एकदा, जेवणावर एकदा,
आणि झोप उडाली की.
तिला तंबाखू कोण म्हणतं?
मिश्री म्हणतात. दात घासणं म्हणतात.
माझी आईही तेच म्हणायची.

'हो' लिहिलं तर डॉक्टर म्हणणार,
आधी सोड, सहा महिन्यांनी ये.
आणि भिशी उचललेली होती, नोटा रुमालात.
त्या न्हाई म्हणाल्या, मी इल्ल लिहिलं.
दोन भाषांत मिळून एकच खोटं,
सही मात्र माझी.

डॉक्टरांनी हाडात पेच बसवला, हात धुतले, म्हणाले,
'आपलं झालं. आता हाडानं त्याला आपलं म्हणायचं.
चार महिने.'
कुणी कुणाला आपलं म्हणायचं,
हे मी या भागात जन्मापासून ऐकतोय,
बोर्डांवर, बंदच्या दिवशी, शाळेच्या अर्जात.
हाडाला मोर्चा कळत नाही.
त्याला रक्त लागतं, आणि जरा निवांतपणा.
रक्ताच्या बारक्या वाटा आतून बुजत असतील
तर ते गप्प राहतं. दुखतसुद्धा नाही.

श्रावणात आल्या. 'जिभंनं फिरतोय बगा.'
भूल लागलीच नाही. दोन बोटांनी निघाला.
ट्रेमध्ये टिण् वाजला,
दाण्यातला खडा ताटलीत पडावा तसा.
डॉक्टर माझा कागद वाचत राहिले, ओळ न् ओळ.
त्या रकान्यावर आले, पुढं गेले.
'हाडच मऊ असेल,' म्हणाले.

जिन्यावर त्यांनी मला गाठलं.
'तुमी म्हणला हुता, नवा हाय, सोच्च ठेवा.
तीनदा घासलं रोज. पयल्यापेक्षा जास्तच.
माजं कुटं चुकलं?'

पेच त्यांनी पदराच्या गाठीत बांधून नेला.
पैसे दिलेत, टाकायचा कशाला.

मी काय बोललो ते आठवत नाही.
काहीतरी बोललो असेन,
खालच्या बियाण्याच्या दुकानात वजनं वाजत होती.

फॉर्म अजून तोच येतो. रकानाही तोच.
मी आता तंबाखू विचारत नाही.
हात दाखवा, म्हणतो.
बायका डावा पुढं करतात,
ज्योतिषापुढं करावा तसा, तळवा उघडून, जरा लाजत.
मी म्हणतो, उजवा.